मोझांबिकच्या काजू बीचा हिशेब

१९९५ साली जागतिक बँकेने मोझांबिकच्या सरकारपुढे एक अट ठेवली. कच्ची काजू बी परदेशी पाठवण्यावरचा निर्यात कर टप्प्याटप्प्याने उतरवायचा आणि काही वर्षांत पार काढून टाकायचा. यादवी युद्ध संपून त्या देशाला जेमतेम तीन वर्षं झाली होती. सरकारचा गाडा परदेशी मदतीवर चालत होता. नाही म्हणण्याची सोय नव्हती.

अटीमागचा विचार ऐकायला बिनतोड वाटतो. देशात काजूची झाडं असलेली सुमारे दहा लाख शेतकरी कुटुंबं होती आणि काजू सोलणाऱ्या कारखान्यांत दहा हजारांच्या आसपास कामगार. निर्यात करामुळे देशातल्या देशात बीचा भाव दबून राहतो, म्हणजे दहा लाख गरीब घरांच्या खिशातून काढून दहा हजार नोकऱ्या पोसल्या जातात. कर काढा, बी खुल्या बाजारात जाऊ द्या, शेतकऱ्याला भाव मिळेल, तो नवी झाडं लावेल. कारखाने तगले तर तगले, नाहीतर त्यांचा पैसा आणि माणसं दुसऱ्या कामाला लागतील.

२००१ पर्यंत मोठे कारखाने जवळपास सगळे बंद पडले होते आणि दहातले नऊ कामगार घरी बसले होते. मार्गारेट मॅकमिलन, डॅनी रॉड्रिक आणि कॅरन हॉर्न वेल्च या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये या सगळ्याचा हिशेब मांडला. काजूवाल्या सरासरी शेतकरी कुटुंबाला या सुधारणेतून वर्षाला फार तर ५.३० डॉलर जास्त मिळाले, असा तो हिशेब. महिन्याला नव्हे, वर्षाला.

व्यापार खुला करण्याच्या बाजूने किंवा विरोधात हे उदाहरण सरसकट वापरलं जातं. मला ते तसं वापरायचं नाही. करात झालेली कपात आणि शेतकऱ्याचा हात यांच्या मधे जे काही होतं, त्याकडे बँकेच्या कागदावर कुणी नीट पाहिलं नव्हतं, आणि या प्रकरणाचं सार तिथेच आहे.

झाड आणि कारखाना

काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, गोव्यात तसाच मोझांबिकमध्येही. तिथे तो किनाऱ्याकिनाऱ्याने पसरला. उत्तरेला नांपुला आणि झांबेझिया, दक्षिणेला इन्यांबाने आणि गाझा हे प्रांत त्याचे. आपल्याकडच्यासारख्या आखीव बागा तिथे फार थोड्या. घराभोवती, कसावा आणि भुईमुगाच्या शेतात उभी असलेली काही झाडं, हीच एका कुटुंबाची काजूची शेती. बोंडाच्या रसाची दारू बायका घरीच गाळतात, बी विकायची. बी पडते ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत. नेमके हेच महिने घरातलं धान्य संपत आल्याचे असतात, कारण मक्याचं पीक मार्चनंतर हाती येतं. हे लक्षात ठेवायला हवं. पुढे भावाचा प्रश्न येतो तेव्हा ही टंचाई मधे येते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आफ्रिकेची कच्ची बी जहाजाने भारतात यायची आणि कोल्लम, मंगळूर भागात सोलली जायची. मग मोझांबिकमध्येच कारखाने निघाले. राजधानीतल्या (तेव्हाचं लोरेंसू मार्किश, आताचं मापुतो) चामानकुलू वस्तीत थारानी नावाच्या भारतीय वंशाच्या उद्योजकाचा कारखाना होता. तिथल्या बायका त्या कारखान्यालाच ‘तराना’ म्हणत. दक्षिणेतले पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत जायचे. शहरात आलेल्या बाईला, विशेषतः विधवेला किंवा नवऱ्याने टाकलेलीला, रोख पगार देणारी जागा फार थोडी होती. काजूचा कारखाना त्यांपैकी एक.

१९६० च्या दशकात जगातली निम्मी काजू बी मोझांबिकमधून येत होती. १९७२-७३ च्या हंगामात उत्पादन दोन लाख टनांच्या वर गेलं. १९७५ मध्ये स्वातंत्र्य मिळालं आणि सगळं एकदम विस्कटलं. पोर्तुगीज मालक निघून गेले, खेड्यातली दुकानं बंद पडली, सोडून दिलेले कारखाने सरकारने ताब्यात घेतले. कारखान्यांना माल मिळावा म्हणून १९७८ मध्ये कच्च्या बीच्या निर्यातीवर बंदी आली. सामुदायिक खेड्यांच्या योजनेत लोकांना त्यांच्या झाडांपासून दूर वसवण्यात आलं. त्यावर युद्ध. रस्त्यांत सुरुंग पेरलेले, गाड्या जाळलेल्या, लाखो माणसं परागंदा. झाडं म्हातारी झाली, भुरीने मोहोर जळू लागला, नवी लावायला कुणी नव्हतं. १९८० च्या सुमारास १४ कारखाने होते, त्यांना पुरेल एवढी बी मात्र नव्हती. १९९० च्या सुमारास बाजारात येणारी बी पन्नास हजार टनांच्याही आत आली होती.

बंदीमुळे उत्पादन घसरलं असं बँकेचं म्हणणं होतं. थोडंफार खरं असेलही. पण युद्ध, उठलेली दुकानं आणि हलवलेली गावं यांच्यापुढे बंदीचा वाटा किती, हे वेगळं काढून दाखवणं कुणालाही सोपं नाही.

कर कसा काम करतो

इथे जरा थांबून आकडे मांडू. हे समजण्यासाठी घेतलेले आकडे आहेत, मोझांबिकचे प्रत्यक्ष भाव नव्हेत.

समजा, एक पोतं कच्ची बी परदेशी ८० ला विकली जाते. त्याच पोत्यातून निघणारा काजूगर परदेशी १०० ला जातो. शंभर किलो बीतून वीस ते पंचवीस किलो गर निघतो, बाकी टरफल, त्यातलं तेल आणि साल. म्हणजे काजूच्या धंद्यात कच्चा माल हाच मुख्य खर्च. भाजणं, फोडणं, साल काढणं, निवडणं, वीज, कर्जाचं व्याज हे सगळं धरून कारखान्याचा खर्च २८ येतो असं समजू.

कर नसेल तर कारखान्याला बी ८० ला घ्यावी लागते, कारण त्याहून कमी दिलं तर व्यापारी ती जहाजावर चढवेल. ८० आणि २८ मिळून १०८ होतात, गराचे येतात १००. कारखाना तोट्यात. आता कच्च्या बीवर २० टक्के निर्यात कर लावा. परदेशी ८० मिळाले तरी १६ सरकारला द्यायचे, म्हणून देशात बीचा भाव ६४ च्या वर जात नाही. ६४ आणि २८ मिळून ९२. कारखाना ८ नफ्यात. दिसायला कर वीसच टक्के, पण कारखान्याला काम करायला उरणारी जागा, म्हणजे गराचा भाव आणि बीचा भाव यांतलं अंतर, २० वरून ३६ वर जाते. म्हणूनच करातला प्रत्येक टक्का कारखान्याला जगवतो किंवा मारतो.

बँकेने हाच हिशेब उलट बाजूने वाचला. ८० ची बी १०० ची करायला हा देश २८ खर्च करतो, म्हणजे प्रत्येक पोत्यामागे ८ वाया घालवतो. शेतकऱ्याकडून हिरावलेले १६ वेगळेच.

पण त्या २८ मधे काय काय आहे? समजा त्यातले १५ मजुरी आहे. ही मजुरी ‘खर्च’ तेव्हा, जेव्हा कारखाना बंद झाल्यावर ती बाई दुसरीकडे जाऊन तेवढंच काम करेल. तिच्यापुढे दुसरं कामच नसेल, तर ती घरी बसल्याने देशाचे १५ वाचत नाहीत. देशाच्या दृष्टीने खरा खर्च १३ राहतो, आणि १३ खर्चून २० मिळवणं हा फायद्याचा व्यवहार आहे. यंत्रं तर आधीच विकत घेऊन झालेली होती, ती बंद ठेवल्याने पैसे परत येत नव्हते.

युद्धातून नुकत्याच उठलेल्या मापुतोत त्या बाईसाठी दुसरं काम कुठे होतं? हा प्रश्न पुस्तकी हिशेबात ‘माणसं दुसरीकडे वळतील’ या एका वाक्यात संपतो. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक या वाक्यात होती.

आणखी एक गोष्ट त्याच आकड्यांतून निघते. कारखान्याने गर जास्त अख्खे काढले आणि पोत्यामागे १०० ऐवजी ११० मिळवले, तर कर शून्य असतानाही तो २ नफ्यात येतो. काजूत अख्ख्या गराचा आणि तुकड्याचा भाव यांत मोठं अंतर असतं, हे वेंगुर्ल्यापासून चंदगडपर्यंत कुठलाही कारखानदार सांगेल. मोझांबिकच्या जुन्या कारखान्यांत मोठाली यंत्रं होती, बी आपटून फोडणारी. त्यांत तुकडा जास्त निघे. भारतात हाताने फोडणाऱ्या बायका त्याच बीतून कितीतरी जास्त अख्खे गर काढत. तेव्हा मोझांबिकचे कारखाने अकार्यक्षम आहेत, हे बँकेचं निदान चुकीचं नव्हतं. आजार यंत्रात होता, काजू सोलण्याच्या धंद्यात नव्हता. या दोन निदानांवरचे उपाय फार वेगवेगळे आहेत.

५.३० डॉलर कुठून आले

निर्यातबंदी १९९१-९२ मध्ये उठली आणि तिच्या जागी ६० टक्के कर आला. मग तो उतरत गेला, १९९८-९९ मध्ये १४ टक्क्यांवर आला. कच्ची बी ‘नाकाला’ नावाच्या बंदरातून भरभरून जाऊ लागली आणि जवळजवळ सगळी भारतात आली.

कर एवढा उतरूनही शेतकऱ्याच्या दारात भाव त्या मानाने का चढला नाही, हे समजायला त्या साखळीकडे पाहावं लागतं. नांपुलातल्या आतल्या गावी शेतकरी आपली किलो-दोन किलो बी गावच्या दुकानदाराकडे नेतो. बऱ्याचदा पैशाऐवजी साबण, मीठ, कापड घेतो. दुकानदार मोठ्या व्यापाऱ्याला देतो, तो निर्यातदाराला. रस्ता खराब, ट्रक थोडे, व्यापाऱ्यांनाही कर्ज महाग. गावात येणारा खरेदीदार बहुधा एकच. बंदरावर काय भाव चाललाय हे शेतकऱ्याला कळण्याचा मार्ग नाही, आणि कळला तरी डिसेंबरात घरात धान्य नसताना बी धरून ठेवायची ताकद नाही.

अशा बाजारात बंदरावरचा भाव १६ ने वाढला तर तो झिरपत झिरपत खाली येतो आणि वाटेत प्रत्येक जण आपलं काढून घेतो. यात व्यापाऱ्याला खलनायक ठरवायची गरज नाही. युद्धानंतर आतल्या गावात जाऊन खरेदी करणं धोक्याचं आणि खर्चाचं काम होतं, आणि ज्याने ते केलं त्याने त्याची किंमत घेतली. पण कर काढला की शेतकऱ्याला भाव मिळेल हे विधान खरेदीदारांमधली स्पर्धा गृहीत धरतं, आणि ती तिथे नव्हती.

साखळीच्या दुसऱ्या टोकालाही तेच. काजूगराला अमेरिका आणि युरोपात शेकडो गिऱ्हाइकं. कच्च्या बीला त्या काळात व्यवहारात गिऱ्हाईक एकच, भारतातले सोलणारे. गर विकणारा देश मोठ्या बाजारात उभा असतो, कच्ची बी विकणारा एका खिडकीसमोर. देशातले कारखाने बंद पडले की त्या खिडकीला पर्यायही उरत नाही. म्हणजे निर्यातदाराच्या पाठीमागे ‘तू दिला नाहीस तर मापुतोचा कारखाना देईल’ हा जो आधार होता, तोही गेला.

नव्या लागवडीचं काय? काजूचं झाड लावल्यापासून चांगलं पीक द्यायला काही वर्षं जातात. आज वाढलेला भाव पाच वर्षांनी टिकेल अशी खात्री असेल तरच माणूस झाड लावतो. ज्या शेतकऱ्याने वीस वर्षांत वसाहतीचा अंत, बंदी, स्थलांतर आणि युद्ध पाहिलं, त्याने एका हंगामातल्या भाववाढीवर विश्वास का ठेवावा? लागवड वाढेल असं गणित होतं, तशी ती वाढली नाही.

मॅकमिलन आणि सहकाऱ्यांचा एकूण आकडा असा: निर्बंध सैल केल्याने देशाला झालेला थेट लाभ वर्षाला सुमारे ६६ लाख डॉलर, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१४ टक्के. शेतकऱ्यांच्या हाती जास्तीत जास्त ५३ लाख डॉलर. आणि शहरातल्या बेकारीने झालेलं नुकसान या लाभाचा बराचसा भाग खाऊन टाकणारं. वर्षानुवर्षं सरकार, बँक, संघटना आणि संसद ज्यावरून झगडली, त्याचा हा हिशेब.

बँकेच्या बाजूने बोलणाऱ्यांत साधीसुधी माणसं नव्हती. अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी २००० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या आपल्या स्तंभात बँकेचा बचाव केला. गरिबांतले गरीब शेतकरी आहेत, कारखाने वाचवायचे म्हणजे त्यांचा भाव पाडायचा, हा त्यांचा मुद्दा. तो मुद्दा मला आजही वजनदार वाटतो. शेतकरी कामगाराहून गरीब होता यात शंका नाही. फक्त, शेतकऱ्याच्या नावाने घेतलेल्या निर्णयात त्याच्यापर्यंत काय पोचेल याचा माग घेणं हे निर्णय घेणाऱ्याचं काम होतं, आणि ते आधी झालं नाही.

आधी विकले, मग नियम बदलले

क्रमाची गोष्ट बऱ्याच लेखांत एका ओळीत उरकली जाते. मला ती फार महत्त्वाची वाटते.

सरकारी काजू कारखाने १९९४-९५ मध्ये खाजगी मालकांना विकले गेले. हा खाजगीकरणाचा आग्रहही बँकेचाच होता. ज्यांनी कारखाने घेतले त्यांनी दुरुस्तीत पैसा घातला, कर्जं काढली. त्यांचं म्हणणं, आम्ही बोली लावली ती कारखान्यांना काही काळ तरी संरक्षण राहील असं धरून. आणि लगेच, १९९५ मध्ये, कर उतरवण्याची अट आली.

वर मांडलेल्या आकड्यांत पाहा: ज्याने ८ नफा धरून कारखाना घेतला, त्याला दुसऱ्या वर्षी ८ तोटा दिसू लागला. यंत्रं बदलून अख्ख्या गराचं प्रमाण वाढवायला वेळ आणि भांडवल लागतं. कर दरवर्षी खाली जाणार हे जाहीर असताना कोणती बँक त्याला त्यासाठी कर्ज देईल? म्हणजे ज्या बदलाने कारखाने कराशिवायही टिकले असते, तो बदल करण्याची संधीच कर उतरवण्याच्या घाईने काढून घेतली. उलटा क्रम लावला असता, आधी यंत्रं आणि मालकी यांचा प्रश्न सोडवून, गावातल्या खरेदीत चार जास्त खरेदीदार आणून मग कर ठरलेल्या वेळापत्रकाने उतरवला असता, तर कदाचित कर काढण्याला एवढा विरोधही झाला नसता.

विरोध झाला तो सगळीकडून. काजू कामगारांची संघटना ‘सिंतिक’ आणि कारखानदारांची संघटना ‘आयकाजू’ एका बाजूला उभ्या राहिल्या. मालक आणि मजूर एका मंचावर दिसणं कुठेही सोपं नसतं. पत्रकार कार्लुश कार्दोझू यांनी आपल्या ‘मेतिकाल’ या फॅक्सने निघणाऱ्या पत्रातून हा विषय सतत लावून धरला. (त्यांची नोव्हेंबर २००० मध्ये मापुतोत हत्या झाली. ते तेव्हा एका मोठ्या बँक घोटाळ्याचा माग काढत होते. काजूशी त्या हत्येचा संबंध नाही, पण त्यांचं नाव घेताना हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.) जागतिक बँकेचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन १९९७ मध्ये मापुतोत आले तेव्हा त्यांच्यापुढे हा विषय मांडला गेला आणि नव्याने अभ्यास करायचं ठरलं. डेलॉइट अँड टूश या सल्लागार कंपनीच्या त्या अभ्यासातही शेतकऱ्याला फारसं काही मिळालेलं दिसलं नाही, आणि सोलण्याच्या उद्योगाला संरक्षण चालू ठेवावं अशी शिफारस आली. १९९९ मध्ये देशाच्या संसदेने कच्च्या बीवरचा कर पुन्हा १८ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान नेण्याचा कायदा केला. तोवर बहुतेक कारखाने बंद झालेले होते.

आपल्या बाजूने

मोझांबिकची बी भारतात आली, ती कोल्लमच्या आसपासच्या कारखान्यांत बायकांनी फोडली. टरफलातल्या तेलाने काळे झालेले हात, दिवसभर उकिडवं बसणं, मोजकी मजुरी. मापुतोतल्या बाईचं गेलेलं काम कोल्लमच्या बाईकडे गेलं असं कुणी म्हणेल, आणि काही अंशी ते खरंही आहे. दोघी गरीबच. पण कोल्लमची ती नोकरीही कायमची नव्हती. व्हिएतनामने यंत्रावर अख्खे गर काढण्याचं तंत्र बसवलं आणि २०१० नंतरच्या दशकात केरळातले बरेच खाजगी कारखाने बंद पडले.

भारताने स्वतःच्या कारखान्यांसाठी काय केलं, तेही पाहायला हवं. आयात होणाऱ्या काजूगरावर किमान आयात किंमत आहे. २०१९ मध्ये ती तुकड्यासाठी किलोला ६८० आणि अख्ख्या गरासाठी ७२० रुपये केली गेली. त्याहून स्वस्त गर आत येऊ शकत नाही. कच्च्या बीवरचं आयात शुल्क मात्र २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ वरून अडीच टक्क्यांवर आणलं. म्हणजे कच्चा माल स्वस्त आत यावा आणि तयार माल अडावा, हीच ती रचना. मोझांबिकला जे करू नको म्हणून सांगितलं गेलं, त्याचाच हा आपल्या बाजूचा अवतार आहे, आणि मला तो भारताच्या बाबतीत चुकीचा वाटत नाही. मग मोझांबिकने १८ टक्के कर ठेवला तर तोही चुकीचा म्हणता येत नाही.

यात सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि गोव्यातला बागायतदार कुठे आहे? तो मोझांबिकच्या शेतकऱ्याच्या जागी आहे. आफ्रिकेची बी स्वस्त आली की त्याच्या बीचा दर पडतो. आजरा-चंदगडच्या, वेंगुर्ल्याच्या कारखानदाराला वर्षभर कारखाना चालवायचा तर ती बी लागतेच, कारण इथला हंगाम तीन-चार महिन्यांचा. एकाच तालुक्यात दोघं राहतात, आणि शुल्काच्या प्रश्नावर दोघांचं हित उलट आहे. यावर गोव्याने २०२३ मध्ये बीचा आधार दर किलोला १५० रुपये केला, महाराष्ट्राने २०२४ च्या हंगामासाठी किलोमागे १० रुपये अनुदान जाहीर केलं. शुल्काला हात न लावता उत्पादकाला थेट पैसे देण्याचा हा मार्ग आहे. १९९५ च्या मोझांबिक सरकारपुढे तो नव्हता. दहा लाख कुटुंबांपर्यंत पोचणारं प्रशासनही नव्हतं आणि तिजोरीत पैसाही नव्हता. कर हेच गरीब सरकारचं एकमेव हत्यार असतं, आणि वाटाघाटीत तेच आधी मागितलं जातं.

नांपुला

२००१ नंतर नांपुला प्रांतात काही वेगळं घडू लागलं. नामिजे इथे ‘मिरांडा काजू’ या कंपनीचा छोटा कारखाना सुरू झाला. त्याने मोठी यंत्रं टाळली. बी वाफवायची आणि हाताने चालवायच्या कटरवर फोडायची, साधारण आपल्याकडच्या लहान कारखान्यात दिसते तशी पद्धत. अख्खे गर वाढले. ‘टेक्नोसर्व्ह’ या संस्थेने तंत्र आणि व्यवस्थापनात मदत केली, १९९७ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी काजू संस्थेने कर्जाला हमी दिली, भुरीवर फवारणीची मोहीम चालवली, रोपं वाटली. असे कारखाने एकामागून एक निघाले, त्यांनी मिळून एकत्र विक्रीची व्यवस्था केली, आणि काही वर्षांत काही हजार लोकांना तिथे काम मिळालं. गावाजवळच कारखाना आल्याने बी घ्यायला आणखी एक खरेदीदार उभा राहिला, आणि शेतकऱ्याच्या दारातल्या भावाचा जो प्रश्न करकपातीने सुटला नव्हता, तो तिथे थोडा सुटला.

कच्च्या बीवरचा १८ टक्के कर या काळात लागू होता. तेव्हा ‘पाहा, कराशिवायही धंदा टिकला’ असं या उदाहरणावरून म्हणता येत नाही. ‘कर ठेवला की धंदा आपोआप टिकतो’ असंही म्हणता येत नाही, कारण जुने कारखाने मोठ्या कराच्या आडोशालाही तुकडाच काढत होते. नांपुलात कर होता आणि त्याच्या जोडीला योग्य तंत्र, कर्ज, फवारणी आणि गावात उतरलेला खरेदीदार होता. गराचे जागतिक भाव पडले की या कारखान्यांचीही ओढाताण होते, तो धोका त्यांच्या डोक्यावर कायम आहे.

पण हे सगळं उत्तरेला घडलं, कारण बी तिथे जास्त होती. दक्षिणेतले माशावाचे आणि मांजाकाझेचे जुने कारखाने नांपुलापासून रस्त्याने जवळपास दोन हजार किलोमीटरवर. तिथल्या ज्या बायका १९९७ ते २००१ दरम्यान कामावरून गेल्या, त्यांना नांपुलातल्या नोकऱ्या मिळाल्या नाहीत, मिळणं शक्यही नव्हतं. देशाच्या आकडेवारीत काजूच्या नोकऱ्या परत आलेल्या दिसतात. त्या दुसऱ्या बायकांच्या आहेत.